शिराझमध्ये खोबऱ्याचा वास: दिंडोरीकडच्या एका वायनरीचं बॅरल प्रकरण

पार्श्वभूमी

वायनरी दिंडोरी तालुक्यातली आहे, छोटी, घरची. नाव मुद्दाम देत नाहीये. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आधी टेबल ग्रेप्स (खायची द्राक्षं) करायचे, २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आल्यावर जे शेतकरी वाईन ग्रेप्सकडे वळले त्यातले एक. वाईनमेकर पुण्यात शिकलेली एक तरुण मुलगी, तिला सगळे, अण्णासुद्धा, मॅडमच म्हणतात. माझा संबंध एवढाच की टेस्टिंगला आणि लॅबचे रिपोर्ट बघायला मला अधूनमधून बोलावतात, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलं.

वर्ष चांगलं गेलं होतं. ऑक्टोबर छाटणी वेळेवर, फुलोऱ्यात पाऊस नाही, फेब्रुवारीच्या शेवटी शिराझ, म्हणजे रेड वाईनची काळी द्राक्षं, तोडली. माल पिकलेला, रंग जबरदस्त, अल्कोहोल १३.९ टक्के, पण पीएच ३.८२, म्हणजे आम्ल कमी. नाशिकच्या उन्हात हे नेहमीचंच, साखर यायची वाट बघेपर्यंत आम्ल पडतं. फर्मेंटेशन स्टीलच्या टाकीत, मॅलोलॅक्टिक (जिवाणू वाईनमधलं कडक आम्ल मऊ करतात ते) पण टाकीतच उरकलं, आणि मेच्या सुरुवातीला स्वच्छ निवळलेली वाईन ओक लाकडाच्या बॅरलमध्ये गेली. हे "स्वच्छ निवळलेली" लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एकूण साधारण ६००० लिटर. त्यातली ९०० लिटर ४ नव्या फ्रेंच बॅरलमध्ये, ९०० लिटर ४ नव्या अमेरिकन बॅरलमध्ये, १३५० लिटर ६ जुन्या फ्रेंच बॅरलमध्ये (यातली २ सेकंडहँड घेतलेली), बाकी सगळी स्टीलमध्ये. सगळी बॅरल २२५ लिटरची, फ्रान्समधल्या बोर्दोची जी नेहमीची साइज आहे ती. प्लॅन सोपा होता, बॅरलमधलं सगळं १२ महिने ठेवायचं, एकत्र करायचं आणि रिझर्व्ह, म्हणजे मुरवलेली वरच्या दर्जाची वाईन, म्हणून विकायचं.

अमेरिकन का घेतली? पैसे. नवीन फ्रेंच बॅरल तेव्हा तिकडेच ७०० ते १००० युरोच्या घरात जायचं, वर भाडं, ड्युटी. अमेरिकन जवळपास निम्म्यात बसायचं. त्याचं कारणही लाकडातच आहे. अमेरिकन व्हाइट ओकच्या नळ्या आतून नैसर्गिकरीत्या बंद झालेल्या असतात, त्यामुळे ते करवतीने कसंही कापलं तरी गळत नाही. फ्रेंच ओक मात्र रेषेच्या दिशेने फोडावंच लागतं, नाहीतर वाईन पाझरते, आणि मग एका ओंडक्यातलं जेमतेम पाव लाकूड फळ्यांना कामी येतं. अण्णांचा हिशोब साधा होता: एका बॅरलला ३०० बाटल्या, ९० हजारांचं बॅरल एकदाच वापरलं तर बाटलीमागे ३०० रुपये नुसत्या लाकडाचे, तीन वर्षं वापरलं तर १००. अमेरिकन घेतलं की त्याच्याही निम्मे. यात चूक काहीच नाही, धंदा करणारा माणूस असाच विचार करणार.

अडचण काय झाली

जुलैपर्यंत कोणी फारसं लक्ष दिलं नाही. टॉपिंग (उडून कमी झालेली वाईन भरून काढणं) चालू होतं, सल्फर (वाईन टिकवणारं सल्फर डायऑक्साइड) तपासलं जात होतं, पण टेस्टिंग व्हायचं ते सगळ्या बॅरलमधून थोडी थोडी वाईन काढून एकत्र करून. सप्टेंबरच्या सुरुवातीला मॅडमनी पहिल्यांदा प्रत्येक बॅरल वेगळं चाखलं आणि मला फोन केला.

फ्रेंच ठीक होती. थोडी लवंग, थोडा भाजल्याचा वास, टॅनिन (तुरटपणा) जरा कोरडं पण फळ शाबूत. अमेरिकन चारही मध्ये खोबरं. म्हणजे हलकासा वास नाही, ग्लास नाकाजवळ नेला की आधी सुकं खोबरं, मग व्हॅनिला, आणि शिराझ कुठेतरी मागे उभी. त्यातल्या दोन बॅरलमध्ये वर रंधा मारलेल्या ताज्या लाकडाचा वास. आणि हे सगळं फक्त चार महिन्यांत, अजून आठ महिने बाकी होते!

तिसरी भानगड जुन्या बॅरलमध्ये निघाली. सेकंडहँडपैकी एकात तबेल्याचा आणि दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास सुरू झाला होता, ब्रेट. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट जुन्या लाकडात ६-८ मिलिमीटर आतपर्यंत जाऊन बसतं, गरम पाणी मारलं तरी पूर्ण जात नाही, आणि पीएच जास्त असला की सल्फरचा जोर कमी पडतो. ३.५ पीएचला जेवढं फ्री (मोकळं) सल्फर पुरतं त्याच्या दुप्पट ३.८ ला लागतं, हे साधं रसायनशास्त्र आहे, आणि आपल्याकडच्या रेड वाईनची अर्धी दुखणी तिथेच सुरू होतात.

असं का झालं

बॅरल वाईनला दोन गोष्टी देतं, एक लाकडातून उतरणारी चव आणि दुसरं म्हणजे फळ्यांमधून, सांध्यांमधून हळूहळू आत येणारा ऑक्सिजन. दुसऱ्या गोष्टीने रंग पक्का होतो, टॅनिन मऊ होतं, आणि ती जुन्या बॅरलमध्येही मिळते. पहिली मात्र नव्या लाकडातच भरपूर असते. एकाच चहापत्तीला पुन्हा पुन्हा उकळलं की कसं होतं तसंच, पहिल्या भरण्यात जे मिळतं ते दुसऱ्यात बरंच कमी, तिसऱ्या-चौथ्यानंतर बॅरल जवळजवळ मुकं.

खोबऱ्याचा वास येतो ओक लॅक्टोनमुळे, लोक त्याला व्हिस्की लॅक्टोन पण म्हणतात. हे अमेरिकन ओकमध्ये फ्रेंचपेक्षा खूप जास्त असतं. फ्रेंचमध्ये उलट टॅनिन जास्त, सुगंध दबका. व्हॅनिला म्हणजे व्हॅनिलिन, ते लाकडातल्या लिग्निनपासून भाजताना सुटतं, मीडियम टोस्टपर्यंत (टोस्ट म्हणजे बॅरल आतून किती भाजलं ते) वाढतं, फार भाजलं तर परत कमी होतं. धुराचा वास ग्वायाकोलचा, तो जास्त भाजल्यावर. लवंगेचा युजेनॉलचा, आणि हो, आपल्या स्वयंपाकघरातल्या लवंगेत तोच असतो. रंध्याचा वास वेगळा, तो नीट न सुकवलेल्या लाकडाचा, ट्रान्स-२-नोनेनाल नावाच्या पदार्थाचा. चांगले कूपर, म्हणजे बॅरल बनवणारे, फळ्या उघड्यावर ऊन-पावसात २४ ते ३६ महिने रचून ठेवतात, पावसाने कडवट टॅनिन धुऊन जातं, बुरशी आपलं काम करते, मग बॅरल बनवतात. भट्टीत झटपट सुकवलेल्या लाकडात हे होत नाही. आमच्या अमेरिकन बॅरलच्या कागदावर टोस्ट लिहिला होता, मीडियम प्लस, पण लाकूड किती महिने सुकवलं ते कुठेच नव्हतं आणि ऑर्डर देताना ते कोणी विचारलंही नव्हतं.

मग इतक्या लवकर का? बॅरल भरली मेमध्ये. सेलरचा, म्हणजे बॅरल ठेवायच्या खोलीचा, एसी १८ डिग्रीला लावलेला, पण लाईट जायची, जनरेटरवर एसी चालवणं परवडत नाही, दुपारी सेलर २४-२५ ला जायचा. उष्णतेत लाकडातून सगळंच लवकर उतरतं. वर वाईन मॅलोलॅक्टिक झालेली, गाळ काढलेली. यीस्ट आणि गाळ असताना वाईन बॅरलमध्ये गेली असती तर यीस्टने बरंचसं व्हॅनिलिन रूपांतरित केलं असतं, गाळानेही थोडं धरून ठेवलं असतं, म्हणूनच बॅरलमध्ये फर्मेंट केलेली शार्डनी (एक व्हाइट वाईन) नंतर बॅरलमध्ये ओतलेल्या शार्डनीपेक्षा कमी लाकडी लागते. इथे लाकूड आणि वाईनच्या मधे कोणीच नव्हतं.

पण ही अडचण आहे का, यावरच भांडण

खरा पेच इथे होता. वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये शनिवार-रविवारी मुंबईहून, पुण्याहून लोक येतात. अण्णा हौसेने त्यांना अमेरिकन बॅरलमधला सॅम्पल द्यायचे आणि लोक अक्षरशः खूश व्हायचे. "काय मस्त व्हॅनिला येतोय." मुंबईच्या एका हॉटेल बायरनेही तोच सॅम्पल उचलून धरला होता.

अण्णांचं म्हणणं: "मॅडम, गिऱ्हाईकाला आवडतंय, तुम्हाला नाही आवडत. वाईन कोणाला विकायचीये?"

आणि वर त्यांच्याकडे स्पेनमधल्या रिओखाचा दाखला होता, तिकडे तर पिढ्यान् पिढ्या अमेरिकन ओक वापरतात. शिवाय ऑस्ट्रेलियातली पेनफोल्ड्स ग्रेंज, जगात नाव असलेली शिराझ, ती नव्या अमेरिकन ओकमध्येच मुरते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मॅडमचं उत्तर मला पटलं: रिओखात पारंपरिक घरं बॅरल वर्षानुवर्षं वापरतात, सगळं नवं लाकूड नसतं, वाईन थंड सेलरमध्ये असते, आणि ग्रान रिझर्व्हा, म्हणजे तिथली सगळ्यात जास्त मुरवलेली वाईन, किमान ५ वर्षांनी बाहेर येते, त्यातली किमान २ बॅरलमध्ये. ग्रेंजची द्राक्षं इतकी दाट की लाकूड त्यात बुडून जातं. आपली शिराझ चांगली आहे पण तेवढं ओझं उचलणारी नाही, आणि आपली बाटली दीड-दोन वर्षांत उघडली जाते.

वाद मिटेना तेव्हा मॅडमनी एक साधी गोष्ट केली. अण्णांच्याच घरी, मटणाच्या जेवणाला, लेबल झाकून तीन बाटल्या ठेवल्या: फ्रेंचची, अमेरिकनची, आणि दोन्ही थोडं थोडं घालून बाकी जुन्या बॅरलची. कोणाला काही विचारलं नाही. पहिल्या घोटाला सगळ्यांनी अमेरिकनचं कौतुक केलं. जेवण संपलं तेव्हा तिसरी बाटली रिकामी होती आणि अमेरिकन अर्ध्याहून जास्त तशीच. अण्णांनी स्वतः दुसऱ्यांदा ग्लास भरला तो तिसरीतून. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, दहा-बारा माणसं, घरची मंडळी, पण अण्णा तेव्हापासून ऐकायला लागले. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच, लॅब रिपोर्ट दाखवून ते कधीच पटले नसते.

कोणकोणते पर्याय होते

पहिला, काहीच करायचं नाही, १२ महिने होऊ द्यायचे. "लाकूड मुरतं नंतर" हे वाक्य या धंद्यात सगळे बोलतात आणि ते अर्धंच खरं आहे. लाकडाचं टॅनिन मऊ होतं, हो. पण लॅक्टोन असं कुठे जात नाही, उलट फळाचा ताजेपणा वर्षभरात खाली येतो आणि खोबरं आणखीच वर दिसतं. हा पर्याय म्हणजे आशेवर बसणं.

दुसरा, फायनिंग. अंड्याचा पांढरा भाग वगैरे घालून टॅनिन कमी करता येतं, पण वास तिथेच राहतो आणि वाईन पातळ होते. दोन मिनिटांत बाद.

तिसरा, सगळं आत्ताच एकत्र करून टाकायचं आणि स्टीलमध्ये ठेवायचं. सोपं, पण मग फ्रेंच बॅरल ज्यासाठी एवढे पैसे मोजले ती चार महिन्यांत रिकामी, आणि ब्लेंड करताना हातात काही खेळायला उरत नाही.

चौथा, अदलाबदल. अमेरिकनमधली ९०० लिटर बाहेर काढून स्टीलच्या टाकीत, आणि त्याच बॅरलमध्ये स्टीलमधली, लाकूड न लागलेली ९०० लिटर भरायची. लाकडाचा पहिला जोर उतरलेला आहे, त्यामुळे दुसरी वाईन शांतपणे राहील. पहिली वाईन मसाल्यासारखी वापरायला वेगळी मिळेल. धोका एकच, रॅकिंग करताना, म्हणजे वाईन एकातून दुसऱ्यात काढताना, हवा लागणार, आणि पीएच ३.८ असताना ती फार महागात पडू शकते.

अण्णांची अडचण चौथ्या पर्यायात वेगळीच होती: "मग बाटलीवर बारा महिने कसं लिहायचं?" स्पेनमध्ये रिझर्व्हा लिहायला महिने मोजावे लागतात, इथे तो आकडा अण्णांनीच मनाने ठरवला होता आणि हॉटेलवाल्याला सांगून बसले होते. लेबल छापलं नव्हतं हे नशीब.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. सप्टेंबरच्या मध्यात, पहाटे, सेलर थंड असताना. रिकाम्या टाकीत आधी नायट्रोजन सोडला, पंप हळू, फ्री सल्फर आधीच वाढवलं. रंध्याचा वास असलेली दोन बॅरल वेगळी खूण करून ठेवली आणि त्यांची वाईन बाकी दोनच्या वाईनमध्ये मिसळली नाही, वेगळ्या छोट्या टाकीत ठेवली. बॅरल फक्त थंड पाण्याने विसळून लगेच भरली, रिकामी ठेवली तर ती सुकतात, सांधे उघडतात आणि मग बुरशीला निमंत्रण.

फ्रेंच तशीच राहिली, पण आता दर महिन्याला प्रत्येक बॅरल वेगळं चाखायचं, आणि खडूने बॅरलवरच शेरा लिहायचा. हे आधीपासून व्हायला हवं होतं. एकाच कूपरची, एकाच जंगलाच्या लाकडाची चार बॅरल शेजारी शेजारी ठेवली तरी चारही वेगळी निघतात, कारण झाड वेगळं, फळी वेगळी, भट्टीवर भाजणारा माणूस त्या दिवशी कसा होता ते वेगळं.

ब्रेटवाल्या बॅरलची वाईन लगेच बाहेर, सल्फर, मग स्टेराइल फिल्टर, आणि पूर्ण वेगळी. बॅरल वाचवायचं का यावर थोडी चर्चा झाली, वाफ मारू, ओझोन मारू, वगैरे. मॅडम नाही म्हणाल्या. ते आता दारात कुंडी आहे, अर्धं कापून, त्यात कढीपत्ता लावलाय.

सेलरमध्ये आर्द्रतेकडेही लक्ष गेलं. पावसाळ्यात हवा ओली असते तेव्हा प्रश्न नसतो, पण दिवाळीनंतर हवा कोरडी होते, एसी ती अजून कोरडी करतो, आणि कोरड्या हवेत लाकडातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं, म्हणजे वाईन कमी होते आणि उरलेली जास्त कडक होते. आधीच १३.९ होती. फरशीवर पाणी मारणं सुरू केलं, तेवढंच.

निकाल

फेब्रुवारीत ब्लेंडिंगला बसलो. अमेरिकनच्या दुसऱ्या भरण्यातली वाईन सगळ्यांनाच आवडली, हे अपेक्षेपेक्षा जास्त चांगलं निघालं. व्हॅनिला होता पण फळाच्या मागे, खोबरं शोधावं लागत होतं. शेवटी रिझर्व्ह असं जमलं: फ्रेंचमधली सगळी, जुन्या पाच बॅरलमधली सगळी, अमेरिकन दुसऱ्या भरण्याची बरीचशी आणि पहिल्या भरण्याची फक्त १० टक्के. १० च्या जागी २० टक्के घालून बघितलं होतं, लगेच खोबरं वर आलं. एवढीशी मात्रा केवढा फरक करते ते तिथे कळतं. जवळपास ४००० बाटल्या झाल्या.

पहिल्या भरण्याची उरलेली चांगली वाईन रोजच्या शिराझमध्ये गेली, स्टीलमधल्या वाईनला त्याने जरा अंग आलं आणि ती त्या वर्षी आधीपेक्षा लवकर संपली. रंध्याच्या वासाची वाईन मात्र कुठेच बसली नाही, ती आणि ब्रेटवाली मिळून कमी भावात बल्कमध्ये गेली, तो तोटा तोटाच.

हॉटेल बायरने नव्या ब्लेंडचा सॅम्पल घेऊन "ओक कमी वाटतोय" म्हणत ऑर्डर निम्म्यावर आणली. अण्णा दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. बायरचं चुकलं असं मला वाटत नाही, त्याला जे दाखवलं होतं ते बाटलीत नव्हतं, तो माणूस त्याच्या जागी बरोबर होता. उरलेल्या बाटल्या टेस्टिंग रूममधून गेल्या, वेळ लागला पण सूट न देता गेल्या. लेबलवर महिने लिहिलेच नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

बॅरलमधला कच्चा सॅम्पल विकत घेणाऱ्याला द्यायला नको होता, निदान "ही एकट्या बॅरलची आहे, बाटलीत अशी नसेल" हे सांगून तरी. हे मला सगळ्यात मोठं वाटतं, लाकडाच्या निवडीपेक्षाही.

ऑर्डर देताना टोस्टबद्दल तास-तास बोलणं झालं पण लाकूड किती महिने उघड्यावर सुकवलं हे एका ओळीत विचारता आलं असतं. स्वस्त बॅरलमध्ये पैसे बहुतेक तिथेच वाचवलेले असतात.

नव्या प्रकारचं लाकूड पहिल्याच वर्षी चार बॅरल घ्यायची गरज नव्हती. स्टीलच्या छोट्या टाकीत ओकच्या फळ्या टाकून दोन-तीन महिने बघता आलं असतं. फळ्या, चिप्स म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, युरोपातही २००६ पर्यंत चिप्सला परवानगी नव्हतीच, पण चाचणीसाठी त्या उत्तम आहेत, बॅरलचा ऑक्सिजन त्यात मिळत नाही एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

आणि मेमध्ये गरम सेलरमध्ये नवं लाकूड भरणं. मॅडम म्हणतात की पुढच्या वेळी मॅलोलॅक्टिक बॅरलमध्येच करू, गाळासकट. मला ते चवीसाठी बरोबर वाटतं पण ३.८ पीएचला आणि २४ डिग्रीला, मॅलोलॅक्टिक संपेपर्यंत सल्फर घालता येत नाही, म्हणजे ब्रेटला मोकळं रान. आधी एसीसाठी जनरेटरचा बंदोबस्त, मग हे. यावर आमचं अजून एकमत नाहीये.

पुढच्या हंगामासाठी ऑर्डर गेली आहे ती ५०० लिटरच्या दोन फ्रेंच पिपांची, लाइट टोस्ट, ३६ महिने सुकवलेलं लाकूड, कागदावर लिहून घेतलंय. मोठ्या पिपात लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग कमी येतो, त्यामुळे सगळं सावकाश चालतं. अमेरिकन नवीन एकही नाही. आधीच्या चार अमेरिकनपैकी रंध्याच्या वासाची दोन विकायला काढली आहेत, गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही, आणि जो विचारायला येतो त्याला मॅडम आधी बॅरलमध्ये नाक घालायला लावतात.